किती जण आहात?

पुराचं पाणी गच्चीपाशी आलं, तशी चालक नसलेली बचावाची बोट येऊन थांबली. मागच्या पुरात हिनेच वय, कामधंदा विचारून उपयोगी माणसं आधी नेली होती. म्हणून जन्मापासून अंथरुणाला खिळलेल्या लेकाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या कुसुमताईंनी खोटं बोलायचं ठरवलं होतं.

बोटीने विचारलं, "किती जण आहात?"

"दोघं. हा अनंता, माझा मुलगा. इंजिनिअर आहे."

"ते आता विचारत नाही, ताई. नियम बदललाय. ज्याला चालता येत नाही, त्याला आधी घेते."

बोटीचे यांत्रिक हात अनंताखाली अलगद सरकले. कुसुमताईंचे डोळे वाहू लागले.

"घे बाई," त्या म्हणाल्या, "पण मान सांभाळ त्याची."