ढोलाची दोरी

ढोलपथकाला शिकवणाऱ्या या हेरंबला पोरींच्या कमरेला ढोल बांधून द्यायची भारी हौस. दोरी ओढायची, गाठ मारायची, सैल झाली म्हणून पुन्हा सोडायची. माझ्या नातीनं हात झटकला, तर सगळं पथक तिलाच म्हणालं, "दादा मनापासून शिकवतात गं, गैरसमज नको." नातीनं ढोलाचं टिपरू माळ्यावर फेकलं नि पथकात जाणं सोडलं. तीन वर्षांची मेहनत!

मी दुसरीत शाळा सोडली, पण डोळे शाबूत आहेत. काल सरावाच्या मैदानात जाऊन बसले. मुलगे एकमेकांचे ढोल बांधत होते. एकाचा घसरून गुडघ्यावर आला, तरी या बाबानं वळून पाहिलं नाही.

मी पदर खोचून त्याच्यापुढं उभी राहिले. "मलाही वाजवायचाय. बांध ढोल."

तो दोन पावलं मागं सरला. "आजी, एखाद्या मुलीला सांगतो ना."

"म्हणजे पोरींना बांधता येतो तर!" ढोल थांबले होते, सगळे ऐकत होते. "उद्यापासून माझी नात येणार, तिचा ढोल पोरीच बांधणार. तू हात पाठीमागं ठेवून शिकवायचं. नुसत्या तोंडानं जमत नसेल, तर घरी बस."