मोठ्या मापाचा ठोकळा

टोप्यांचं दुकान बंद पडलं, तर सर्वांत मोठा फायदा टोपीवालीच्या नवऱ्याचा होता. जेवण वेळेवर, घराला ओल्या लोकरीचा वास नाही आणि दिवसभर ऐकून घ्यायला हक्काची बायको. नुकताच निवृत्त झालेला माणूस, बोलणार तरी कुणाशी? शिवाय तिनंच कबूल केलं होतं, बॅन्डवाल्यांच्या नऊ टोप्या शनिवारी गेल्या नाहीत तर दुकानाला कुलूप.

आणि गुरुवारी सकाळी मोठ्या मापाचा लाकडी ठोकळा उभा तडकलेला निघाला. दाबलेल्या लोकरीची, म्हणजे फेल्टची, टोपी वाफवायची, ठोकळ्यावर ओढायची, दोरीनं आवळायची. वाळली की आकार कायमचा. बॅन्डवाल्यांची डोकी फुंकून फुंकून मोठी झालेली, लहान ठोकळा चालणार नव्हता.

नवरा "अरेरे" म्हणाला आणि त्यानं वर्तमानपत्र उघडलं.

बायकोनं आधी पातेलं पालथं घातलं. टोपी पातेल्यासारखी दिसायला लागली. मग फुटबॉलला टॉवेल गुंडाळला. दोरी आवळताच तो टुणकन उडाला तो थेट नवऱ्याच्या मांडीवर. मग भोपळा आणला. तो वाफेनं अर्धा शिजला. नवरा वर्तमानपत्राआड पोटभर हसला.

दुपारी ती खुर्चीत मटकन बसली. किटली उगाच वाफ सोडत राहिली. चाळीस वर्षांत तिला असं रिकाम्या हातांनी बसलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. हेच तर त्याला हवं होतं. पण बघवेना. त्यानं चष्मा काढला आणि डोकं पुढं केलं.

"माझं माप तेच आहे ना? बांध दोरी."

"चटका बसेल हो."

"बसू दे."

तिनं त्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली, तिच्यावर वाफाळती टोपी ओढली आणि कपाळावर दोरी करकचून आवळली. तासाभरानं पहिली टोपी उतरली. अगदी झोकात. त्याला स्वतःच्या डोक्याचा अभिमान वाटू लागला.

दुसरीची दोरी आवळता आवळता ती म्हणाली, "ओला ठोकळा उन्हात ठेवला की तडकतो, हे या घरात दोघांनाच ठाऊक आहे. आणि काल दिवसभर मी बाजारात होते."

त्याचा चहाचा कप अर्ध्यावर थांबला.

"मग सकाळीच का नाही बोललीस?"

"तुम्ही आपणहून कधी उठताय, तेवढंच बघत होते. आता हलू नका. ही धरून आठ राहिल्यात."