खटक्यापाशी कोण?

तळघरात पाणी कमरेपर्यंत चढलं होतं आणि चाल ठरवायला वीस सेकंद उरले होते.

खेळाचा नियम साधा होता. तिघांनी आपापली चाल गुपचूप पक्की करायची, तेवढा वेळ माइक बंद. मग तिघांच्या चाली एकदमच घडणार. कुणी एकाने भिंतीतला खटका दाबून धरला, तरच दार उघडायचं आणि बाकीचे दोघे सुटायचे; धरणारा आतच अडकायचा. दर रविवारी दुपारी तीन घरांतून तीन भावंडं आपापल्या पडद्यावर हे खेळत आणि दर रविवारी खटका ताईच धरत असे. तसं कधी ठरलं नव्हतं. दादा आणि धाकटा बिनघोर दाराकडे पळत, बाहेर पडले की हुश्श करत आणि "ताई म्हणजे ताईच!" म्हणत. ताईलाही ते गोड वाटायचं, खोटं कशाला बोला.

आज तिच्या मांडीवर बढतीचं पत्र होतं. दुसऱ्या शहरातली जागा, उत्तर उद्या सकाळपर्यंत. याआधी दोनदा तिने नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. आतल्या खोलीत आई अंथरुणाला खिळल्याला चौथं वर्ष लागलं होतं. तासभर विषय ओठांवर येत होता आणि ती तो गिळत होती.

तिने 'दाराकडे' दाबलं.

चाली उघडल्या. तिघेही बंद दारावर जाऊन आदळले. पाणी छातीपर्यंत आलं.

"अगं, खटका!" दादा ओरडला. "झोपलीस की काय?"

"मला बाहेर पडायचं होतं."

"मग आम्हाला सांगायचंस तरी," धाकटा म्हणाला.

"तेच सांगतेय." तिला एकदाचा कंठ फुटला. "मला बढती मिळालीय. एक तारखेला दुसऱ्या शहरात हजर व्हायचंय. आईला तुमच्यापैकी कुणीतरी घेऊन जा."

माइकमधून दादाच्या घरातला पंखा ऐकू येत राहिला. धाकट्याने घसा खाकरला.

"बघू गं," दादा शेवटी म्हणाला. "आम्ही काय परके आहोत का? काढू काहीतरी मार्ग. आधी हा डाव तरी संपवू."

माइक बंद झाले. वीस सेकंद. दोघांपैकी एक तरी या वेळी खटका धरेल, असं तिला अगदी मनापासून वाटलं. निदान धाकटा तरी. तिच्याच कडेवर वाढला होता तो. तिने पुन्हा 'दाराकडे' दाबलं आणि श्वास रोखून बसली.

चाली उघडल्या. तिघेही दारापाशी एकमेकांना खेटून उभे होते. पाणी गळ्याशी आलं.

"ताई," धाकटा वैतागून म्हणाला, "तुला खेळायचंच नसेल तर तसं सांग ना!"