भिंतीतली गुंतवळ

कोर्टात साक्ष द्यायला डोक्यावरचे केस लागायचे, आणि हौसाच्या डोक्यावर वाचण्याजोगा एकही नव्हता. केसांत साठलेली भीती कोर्टातलं यंत्र वाचतं, म्हणून पळवून आणलेल्या पोरींना चोरटी अफू पोचवायला धाडण्याआधी अफूवाला शेठ त्यांची डोकी भादरायचा. अफूसकट पकडलेली हौसा त्यामुळे गुन्हेगार ठरत होती.

"भादरण्याआधी विंचरताना गळलेले केस कुठं टाकलेस?" वकीलबाईंनी विचारलं.

"टाकीन कशाला? आयनं शिकवलंय, गुंतवळ भिंतीच्या फटीत खोचायची."

शेठनं तिला डांबलेल्या कोठडीच्या भिंतीतून काढलेली ती गुंतवळ यंत्रात गेली. पडद्यावर दोन वर्षांचा धाक दिवसागणिक उमटला. मागच्या बाकावरचा शेठ हळूच उठला.

"दार लावा," न्यायाधीश कडाडल्या. "धाकानं करवलेला गुन्हा करवणाऱ्याचा. हौसा, तू सुटलीस."

हौसानं पदर मागं सारून खुंटांवर हात फिरवला.

"वाढा रं आता बिनघोर!"