हात वर करा

पडद्यावरच्या नवऱ्यानं बायकोचं डोकं भिंतीवर आपटलं. भुवई फुटून रक्त हनुवटीपर्यंत ओघळलं. त्यानं पुन्हा नुसता हात उगारला, तोच तिनं चेहऱ्यापुढे कोपर धरलं.

सरकारी अनुदानासाठी आलेला सिनेमा संपला, तेव्हा परीक्षक यामिनीताई अजून कोऱ्या पडद्याकडेच बघत होत्या. शेजारी बसलेले त्यांचे यजमान, समितीचे अध्यक्ष भास्करराव, खेकसले, "फटका बसायच्या आधीच ही बया तोंड झाकते! निव्वळ नाटकीपणा. असल्या सिनेमाला सरकारनं पैसा द्यायचा? नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

समितीत भास्करराव म्हणतील ती पूर्व दिशा. यामिनीताईंचा हात तर नेहमी त्यांच्यापाठोपाठ वर जायचा.

भास्कररावांनी झटकन हात वर केला.

यामिनीताईंचं कोपर आपसूक चेहऱ्यापुढे आलं.

खोलीत दुसरा एकही हात वर गेला नाही.