शेऱ्याचा रकाना

“नव्या गोळीच्या पाचशे चाचण्या, दुष्परिणाम शून्य! सही कर, महिन्याभरात डॉक्टर शाहीन मुजावर होशील,” म्हणत गाईड लोखंडेसरांनी प्रबंध पुढे सरकवला.

औषधांच्या चाचण्यांत उंदरांची जागा आता संशोधकाच्याच मेंदूच्या, संगणकात बनवलेल्या प्रतीने घेतली होती. शाहीनने सकाळीच मूळ नोंदी उघडल्या होत्या. पाचशेच्या पाचशे वेळा तिच्या प्रतीने शेऱ्याच्या रकान्यात एकच लिहिलं होतं : ‘सर, दुखतंय.’

“हे तुम्ही गाळलंत?”

“अगं, प्रतीला कसलं दुखणं? नुसती नाटकं!”

शाहीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच वर्षं सरांचं सगळं तिने ‘हो सर’ म्हणत गिळलं होतं. तिने पेन उचललं आणि सहीच्या जागी ठसठशीत लिहिलं : ‘सर, दुखतंय.’

“घ्या. आता हे गाळून दाखवा.”