न थांबलेली बोट

"तुमची युद्धनौका केवढी होती म्हणालात?" गुरुरावांनी दुसऱ्यांदा विचारलं.

चामराजपुरमातल्या त्यांच्या घरी त्यांच्या मुलीला, वनजाला, बघायला मंडळी आली होती. मुलगा प्राणेश मान खाली घालून उप्पिट खात होता. गुरुरावांचा सगळा रोख त्याच्या वडलांवर. महायुद्ध संपून वीस वर्षं झाली, तसे म्हैसुरात आरमारातले शूर वाढतच चालले होते, आणि या श्रीनिवासरावांकडे दाखवायला साधा एक फोटोही नव्हता.

"लहानच हो," श्रीनिवासराव म्हणाले. "मोठी जहाजं लढायला जायची. आमचं काम राखणीचं. बावीस मालबोटी मुंबईहून एडनला न्यायच्या, सोबत आम्ही एकटे. पाणबुडीची चाहूल लागली की तिच्या अंगावर जायचं. एकवीस पोचवल्या आम्ही."

"आणि बाविसावी?"

प्रश्न जरा जास्तच धारदार निघाला. स्वयंपाकघरातून बायकोनं, इंदिराबाईंनी, डोकावून पाहिलं. तरणे असताना गुरुराव त्याच बाविसाव्या बोटीवर बिनतारी यंत्र सांभाळायला होते. पाहुण्यांना त्यांनी हे सांगितलं नव्हतं. आकडे काय, कुठल्याही पेपरात सापडतात. ते वाचून आलेला माणूस असेल हा.

"बुडाली," श्रीनिवासरावांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "माणसं पाण्यात होती. हात करत होती. आम्ही अगदी जवळून गेलो. कप्तानाचा हुकूम होता, थांबायचं नाही. थांबलो असतो तर पाणबुडीनं आम्हालाच उडवलं असतं. मग त्या एकवीस बोटींना कोण होतं?"

"हे कुणीही सांगेल."

प्राणेशचा चमचा थांबला. "अण्णा, जाऊ दे," तो वडलांना हळूच म्हणाला.

"हौदु, खरंय, कुणीही सांगेल," श्रीनिवासराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "पण मी मागच्या डेकवर उभा होतो. पाण्यातून एक जण आम्हाला शिव्या देत होता. मराठीत, मधे मधे कन्नड घालून, आपल्या घरात बोलतात तसं. आईबहिणीपर्यंत गेला. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि बोट पुढं गेली. संध्याकाळी परत शोधायला आलो, तर नुसत्या फळ्या तरंगत होत्या. हे मी याच्या आईलाही कधी बोललो नाही."

आपल्या त्या शिव्यांविषयी गुरुरावांनीही आजवर तोंड उघडलं नव्हतं. बुडताना तोंडात देवाचं नाव आलं नाही, याची लाज वाटायची.

"मेला असेल बिचारा," श्रीनिवासराव म्हणाले.

"नाही," गुरुराव म्हणाले. "दुसऱ्या दिवशी एका गलबतानं उचललं त्याला. आज सकाळपर्यंत तुमच्या बोटीला शिव्या देत होता."